हायब्रिडची बॅटरी डिकी खाते का?

“हायब्रिडमध्ये बॅटरीच डिकी खाते, लहान मुलं असतील तर घेऊ नका,” असा मेसेज हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत इलेक्ट्रिक मोटरही असलेल्या गाड्यांबद्दल वर्षानुवर्षं फिरतोय. पूर्वी काही गाड्यांत बॅटरी मागच्या सीटच्या पाठीमागे असायची, तेव्हा ते खरंही होतं. पण प्लग लावून चार्ज करावी न लागणाऱ्या छोट्या हायब्रिडची बॅटरी साधारण 1 किलोवॅट-तासाची; ती बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखाली मावते, काहींत मात्र अजूनही डिकीच्या तळाशी असते.

डिकीचा तळ उचलून बघा: स्टेपनी आहे की नुसतं पंक्चर किट? घडी केलेली बाबागाडी आत ठेवून झाकण लावा. खरी अडचण बहुधा वेगळीच असते. मागे तोंड असलेली चाइल्ड सीट आयसोफिक्सला (गाडीच्या सीटमधल्या, चाइल्ड सीट अडकवायच्या कड्यांना) अडकवा आणि पुढे बसून गुडघ्यांना जागा उरते का ते पाहाच. मागच्या सीटजवळ बॅटरी थंड ठेवणारी हवेची जाळी असेल तर तिच्यावर दुपटी, खेळणी ठेवू नका, बॅटरी तापते.