कुंभारीच्या माळावरील घरे : पार्श्वभूमी

सोलापूर–अक्कलकोट रस्त्यालगतच्या कुंभारी येथे असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांची वसाहत उभी राहत असून, जानेवारी २०२४ मध्ये तिच्यातील पहिल्या १५ हजार घरांचा ताबा देण्यात आला. त्या वेळची चर्चा बहुतांशी प्रकल्पाच्या आकाराभोवती फिरली. नफा न घेता एवढ्या मोठ्या प्रमाणावर घरे बांधण्याची रीत सोलापुरात आली कोठून, हे समजण्यासाठी मात्र त्याच परिसरातील विडी कामगार स्त्रियांच्या आधीच्या घरयोजनेकडे जावे लागते.

मुंबईत सहकारी गृहनिर्माणाचा आरंभ गावदेवीला १९१५ मध्ये झाला, पण पुढे कित्येक दशके ही चळवळ प्रामुख्याने ठरावीक पगार असलेल्यांचीच राहिली. विडी वळणाऱ्या स्त्रीला असा पगार नसतो. ती तेंदूपाने व तंबाखू घरी आणते, पाने भिजवून पत्र्याच्या मापाने कापते, मांडीवर सूप घेऊन विड्या वळते आणि तयार माल कारखान्याच्या शाखेत नेऊन देते. तेथे तपासणीत जेवढा माल बाद होतो, तेवढी तिची मजुरी बुडते. १९६६ च्या कायद्याने घरी काम करणाऱ्या या स्त्रीला कामगार म्हणून मान्यता दिली आणि १९७६ च्या कायद्यांनी विड्यांवर उपकर बसवून कल्याण निधी उभारला. घरबांधणीला अनुदान मिळण्याची वाट या निधीतून निघाली. सोलापूरच्या कापड गिरण्या एकामागोमाग बंद पडल्यानंतर अनेक कुटुंबे स्त्रियांच्या विडीच्या मजुरीवर येऊन ठेपली, आणि त्यानंतर घराच्या मागणीला खरी धार आली. जे घर हेच कामाचे ठिकाण, तेथे तंबाखूची धूळ, भिजलेली पाने, चूल आणि मुले एकाच खोलीत असतात. त्यामुळे ही मागणी निवाऱ्याइतकीच आरोग्याचीही होती.

विडी कामगार स्त्रियांच्या १० हजार घरांची योजना सप्टेंबर २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधानांच्या हस्ते लाभार्थींना अर्पण झाली. घराची किंमत सुमारे ६० हजार रुपये धरलेली होती. त्यात केंद्र, राज्य आणि स्वतः कामगार स्त्री यांचा वाटा प्रत्येकी २० हजारांचा. एवढ्या रकमेत घर बसू शकले, कारण सहकारी संस्था कामगारांची स्वतःची होती आणि ठेकेदार हा फक्त ठेकेदार राहिला. बांधकामावरचा विकासकाचा नफा किमतीत चढलाच नाही. घरे स्त्रियांच्या नावावर झाली. माझ्या मते संपूर्ण योजनेतील सर्वांत दूरगामी तरतूद हीच आहे, कारण शहरातील भाड्याच्या खोलीची पावतीसुद्धा बहुधा घरातील पुरुषाच्या नावे असे.

या योजनेबाबत वादाचा खरा विषय जागेचा आहे. कुंभारी शहरापासून साधारण दहा-बारा किलोमीटरवर आहे. शाखा शहरात असेल तर पाने आणण्याचा, माल पोहोचवण्याचा आणि बाद मालावरून वाद घालण्याचा प्रत्येक दिवस बसभाड्याचा होतो. मुलांची शाळा, दवाखाना आणि घरकामाची जोडकमाई हेही दूर जाते. स्वस्त घराच्या नावाखाली गरिबाला गावाबाहेर काढले जाते, हा आक्षेप म्हणून हलका नाही. पण ज्या पर्यायाचा दाखला दिला जातो, तो सोलापुरात चालणारा नव्हता. मुंबईत १९९५ नंतर झोपडपट्टी पुनर्वसनाची जी पद्धत रुळली, तिच्यात विकासक खुल्या बाजारात विकायच्या सदनिकांमधून फुकट घरांचा खर्च काढतो. हे गणित जमण्यासाठी जमिनीचा भाव मुंबईसारखा चढा लागतो. सोलापुरात तो नव्हता, त्यामुळे मोफत घराचे आश्वासन देणारा विकासकही नव्हता. शहराच्या मध्यभागी काहीशे घरे बांधायची की माळावर १० हजार, अशी ती निवड होती. संख्येच्या बाजूने कौल देणे मला योग्य वाटते. मात्र दूरची जागा निवडल्यावर बससेवा, पाणी आणि मालाच्या शाखा या गोष्टी घरांइतक्याच प्रकल्पाचा भाग मानायला हव्या होत्या, आणि अनुदानाच्या सूत्रात त्यांना घराच्या बरोबरीचे स्थान नव्हते.

नव्या वसाहतीचा आर्थिक पाया वेगळा आहे. ती २०१५ च्या पंतप्रधान आवास योजनेच्या भागीदारी घटकात, म्हणजे परवडणारी घरे भागीदारीतून बांधण्याच्या भागात, बसते. त्यात प्रत्येक घरामागे केंद्राचे दीड लाख व राज्याचे एक लाख रुपये असतात आणि उरलेला भार लाभार्थीवर येतो. तो उचलण्यासाठी बहुतेकांना बँकेच्या कर्जाकडे वळावे लागते, आणि रोजच्या मजुरीवर जगणाऱ्याला कर्ज मंजूर करून घेणे हेच मोठे काम होऊन बसते. दरम्यान २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू होताना विडीवरील उपकर रद्द झाला आणि कल्याण निधीचा स्वतंत्र झरा आटला. पूर्वी विडी कामगाराचे ओळखपत्र घराच्या अनुदानाचा दरवाजा उघडत असे. आता पात्रता कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नावर ठरते, आणि विडी वळणारी स्त्री यंत्रमाग कामगार, शिलाई कामगार व कचरावेचक यांच्याबरोबर एकाच यादीत येते.