क्षमेची प्रक्रिया आणि तिच्या अटी

‘झाले गेले विसरून जा’ हा सल्ला आपल्या घरांमध्ये सर्रास दिला जातो, आणि बहुतेक वेळा तो देणारी व्यक्ती अन्याय सोसलेली नसते, तर त्या अन्यायामुळे घरात साचलेल्या तणावाला कंटाळलेली तिसरीच कोणीतरी असते. सासरी अपमान सोसलेल्या सुनेला किंवा जमिनीच्या वाटणीत फसवल्या गेलेल्या धाकट्या भावाला असे सांगितले जाते, तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी नकळत एकत्र बांधल्या जातात. एक म्हणजे मनातला राग ओसरू देणे आणि दुसरी म्हणजे ज्याने अन्याय केला त्याच्याशी पूर्वीसारखे संबंध ठेवणे. गेल्या सुमारे चाळीस वर्षांत मानसशास्त्राने क्षमेचा जो अभ्यास केला, त्याचे सर्वांत मोठे मोल मला याच ठिकाणी दिसते, कारण या दोन गोष्टी सुट्या करून त्यांचे परिणाम वेगवेगळे मोजता येतात हे त्या अभ्यासाने दाखवून दिले.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात रॉबर्ट एनराइट यांनी १९८५ च्या सुमारास हा विषय संशोधनासाठी घेतला, तोवर क्षमा हे मुख्यतः धर्माचे आणि नीतिशास्त्राचे क्षेत्र मानले जात होते. मोजमाप करायचे तर आधी व्याख्या हवी, म्हणून क्षमा कशाला म्हणायचे नाही हे संशोधकांनी प्रथम ठरवले. घडलेले विसरणे म्हणजे क्षमा नव्हे, ते फार वाईट नव्हतेच असे स्वतःला पटवणे म्हणजे क्षमा नव्हे, आणि शिक्षेचा वा भरपाईचा हक्क सोडणे हाही क्षमेचा अनिवार्य भाग नव्हे. समेटाला दोन माणसे लागतात. क्षमा एकट्याने करता येते, अगदी जी व्यक्ती आता हयात नाही तिलाही. अन्याय करणाऱ्याविषयीचा राग, कटुता आणि सूडाची इच्छा हळूहळू कमी होणे, आणि शक्य झाल्यास त्याच्याकडेही एक माणूस म्हणून पाहता येणे, एवढ्याच आंतरिक बदलाला या अभ्यासात क्षमा म्हटले जाते.

हा बदल निव्वळ बोलण्यापुरता नाही, त्याचे पडसाद शरीरात उमटतात. मिशिगनमधील होप कॉलेजात शार्लट विटव्हलिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला आणि २००१ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग याबाबत फार बोलका आहे. त्यांनी ७१ विद्यार्थ्यांना आपल्या आयुष्यात ज्याने खरोखर दुखावले अशी एक व्यक्ती आठवायला सांगितली. मग प्रत्येकाने आळीपाळीने चार प्रकारे विचार करायचा होता: झालेला घाव पुन्हा मनात घोळवायचा, त्या व्यक्तीविषयी आकस धरायचा, तिच्या बाजूने परिस्थिती समजून घेण्याचा प्रयत्न करायचा, किंवा तिला क्षमा करत आहोत अशी कल्पना करायची. घाव उगाळताना आणि आकस धरताना भुवया आकसणाऱ्या स्नायूतील विद्युत्‌क्रिया वाढली, हाताला सूक्ष्म घाम येऊन त्वचेची विद्युतवाहकता वाढली, हृदयाचे ठोके आणि रक्तदाबही वाढले. सहानुभूतीचा आणि क्षमेचा विचार करताना हा ताण तुलनेने बराच कमी होता, आणि परिस्थिती आपल्या हातात असल्याची जाणीवही अधिक होती. मला यातली सर्वांत महत्त्वाची नोंद पुढची वाटते: कल्पना करणे थांबवून विश्रांती घेण्यास सांगितल्यावरही भुवयांचा ताण, घाम आणि हृदयगती लगेच पूर्वपदावर आली नाही. दुखावणारी व्यक्ती तेथे नव्हती आणि घटना केव्हाच होऊन गेलेली होती, तरी काही क्षणांच्या आठवणीने शरीर झुंजीच्या तयारीत उभे राहिले. ज्याच्या मनात हीच आठवण रोज अनेकदा येते, त्याच्या शरीराला हा ताण वर्षानुवर्षे सोसावा लागत असणार, हा तर्क त्यामुळे वाजवी ठरतो. मात्र एका छोट्या प्रयोगातून आजारांविषयी निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल, हेही ध्यानात ठेवायला हवे.

रागाचा निचरा झाला की तो संपतो, असा एक समज आपल्याकडे आणि जगभरही आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ६०० विद्यार्थ्यांना, त्यांनी लिहिलेल्या निबंधावर अत्यंत बोचरी टीका करून, आधी चिडवण्यात आले. काहींना टीकाकाराचा विचार करत मुष्टियुद्धाच्या सरावाच्या पिशवीवर ठोसे मारायला सांगितले, काहींना व्यायामाचा विचार करत ठोसे मारायला सांगितले, आणि काहींना दोन मिनिटे नुसते बसवून ठेवले. टीकाकार डोळ्यांसमोर आणून ठोसे मारणाऱ्यांचा राग सर्वांत जास्त टिकला, आणि नुसते बसलेल्यांची आक्रमकता सर्वांत कमी आढळली. सूडाची कथाही फारशी वेगळी नाही. पैशांच्या खेळात फसवणाऱ्याला शिक्षा करण्याची संधी मिळाली तर बरे वाटेल असे लोकांना आधी वाटते, पण प्रत्यक्षात शिक्षा केलेल्यांना न केलेल्यांपेक्षा वाईट वाटले, कारण त्यांच्या मनातून तो फसवणारा जाईना, असे २००८ साली केव्हिन कार्लस्मिथ आणि सहकाऱ्यांनी दाखवले. थोडक्यात, राग टिकवून ठेवणारे इंधन म्हणजे तीच घटना पुन्हापुन्हा उगाळणे, आणि क्षमेची प्रक्रिया परिणाम करते ती मुख्यतः याच उगाळण्यावर.

ही प्रक्रिया शिकवता येते का, या प्रश्नाचे सर्वांत गंभीर उत्तर मला सुझन फ्रीडमन आणि एनराइट यांच्या १९९६ च्या अभ्यासात सापडते. बालपणी घरातल्याच व्यक्तीकडून लैंगिक अत्याचार झालेल्या १२ स्त्रियांबरोबर त्यांनी हे काम केले. प्रत्येक स्त्रीला स्वतंत्रपणे, दर आठवड्याला, तिच्या गतीने मार्गदर्शन दिले गेले, आणि ती प्रक्रिया सरासरी सुमारे १४ महिने चालली. रागाला नाव देणे, झालेल्या नुकसानीचा शोक करणे आणि अत्याचार चुकीचाच होता हे ठामपणे मान्य करणे, हे तिचे पहिले टप्पे होते. क्षमेचा विषय त्यानंतरच आला. अत्याचार करणाऱ्याला भेटण्याची किंवा त्याच्याशी नाते जोडण्याची अट कोठेही नव्हती. शेवटी चिंता आणि नैराश्य कमी झाले आणि आशा वाढली, आणि त्यांच्यापैकी ज्यांना तुलनेसाठी आधी प्रतीक्षा यादीत ठेवले होते त्यांनी नंतर तेच मार्गदर्शन घेतले तेव्हा त्यांच्यातही तसाच बदल दिसला. इतक्या खोल जखमेबाबत इतक्या थोड्या व्यक्तींच्या अभ्यासातून सर्वांसाठी नियम काढता येत नाही, परंतु क्षमेला वेळ लागतो आणि तिचा रस्ता रागाला टाळून नव्हे तर रागातूनच जातो, हे त्यातून नीट समजते.

व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठातील एव्हरेट वर्दिंग्टन यांची पद्धत याहून आटोपशीर आहे. क्षमेवर संशोधन करत असतानाच, १९९६ च्या प्रारंभी, त्यांच्या आईची घरात शिरलेल्या चोराने हत्या केल्याचे त्यांना कळले, आणि आपल्याच पद्धतीला सामोरे जाणे त्यांना किती अवघड गेले हे त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितले आहे. सूड घ्यायचा नाही असा निर्णय एका दिवसात होऊ शकतो, पण भावना बदलायला फार काळ लागतो, हा निर्णयाच्या आणि भावनेच्या क्षमेतला फरक त्यांच्या मांडणीचा पाया आहे. त्यांच्या पद्धतीवर आधारित, स्वतःच भरायच्या सुमारे तीन तासांच्या एका पुस्तिकेची चाचणी कोलंबिया, हाँगकाँग, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका आणि युक्रेन येथील ४,५९८ व्यक्तींवर करण्यात आली, आणि २०२४ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. क्षमाभाव लक्षणीय वाढला. नैराश्य आणि चिंताही कमी झाल्या, मात्र बेताच्याच. एका पुस्तिकेकडून याहून अधिक अपेक्षा करणे योग्यही नाही.

आतापर्यंतचे सर्व पुरावे क्षमेच्या बाजूचे आहेत, पण येथेच थांबणारे लेख वाचकाची दिशाभूल करतात असे मला वाटते. अमेरिकी संशोधक जेम्स मॅकनल्टी यांनी नवविवाहित जोडप्यांचा लग्नानंतरची चार वर्षे मागोवा घेतला आणि २०११ साली निष्कर्ष मांडले. ज्या जोडीदारांची माफ करण्याची प्रवृत्ती कमी होती, त्यांच्या वाट्याला येणारी मानसिक आणि शारीरिक आक्रमकता काळाबरोबर घटत गेली. जे सहज माफ करत, त्यांच्या बाबतीत ती तशीच चालू राहिली. चुकीचा काहीच परिणाम भोगावा लागत नाही हे कळले की ती चूक करण्यापासून रोखणारे काही उरत नाही. त्याआधी २०१० साली लॉरा लुचीस आणि सहकाऱ्यांनी असे दाखवले होते, की जोडीदाराने चूक भरून काढण्याची आणि यापुढे सुरक्षित वागण्याची चिन्हे दाखवली असतील तर माफ केल्याने स्वाभिमान वाढतो, आणि तशी चिन्हे नसताना माफ करत राहिल्यास तो खालावतो. ‘विसरून जा’ म्हणणाऱ्यांनी त्याआधी ‘हे अजून चालू आहे का?’ असे विचारले पाहिजे, हे मी म्हणतो ते या पुराव्याच्या आधारावर.

संपूर्ण समाजाने क्षमा करायची ठरवली तर काय होते, याचे उत्तर पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन या देशात मिळाले, आणि ते अस्वस्थ करणारे आहे. १९९१ ते २००२ या काळातील तेथील यादवी युद्धात अनेकदा एकाच गावातील लोक एकमेकांविरुद्ध उभे राहिले होते, आणि युद्धानंतर अत्याचार सोसणाऱ्यांना आणि करणाऱ्यांना पुन्हा शेजारी राहणे भाग होते. ‘फांबुल टॉक’ या स्थानिक संस्थेने गावोगावी समेटाचे कार्यक्रम घेतले. संध्याकाळी शेकोटीभोवती गाव जमे, ज्यांच्यावर अत्याचार झाले ते आपली कहाणी सांगत, ज्यांनी केले ते कबुली देऊन क्षमा मागत. कोणाला शिक्षा नव्हती आणि कोणाला भरपाईही नव्हती. कोणत्या गावांत हा कार्यक्रम व्हावा हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवले गेल्यामुळे, जेकोबस सिलियर्स, ओइंद्रिला दुबे आणि बिलाल सिद्दिकी यांना २०० गावांतील २,३८३ व्यक्तींच्या मुलाखतींवरून कार्यक्रम झालेल्या आणि न झालेल्या गावांची काटेकोर तुलना करता आली. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. कार्यक्रम झालेल्या गावांत लोकांनी अपराध्यांना अधिक प्रमाणात क्षमा केली होती, मैत्रीचे आणि मदतीचे जाळे विस्तारले होते, गावाच्या सामायिक कामांना लोक अधिक हातभार लावत होते. त्याच गावांत नैराश्य, चिंता आणि युद्धाच्या आघातातून येणारा मानसिक विकारही वाढलेला होता. काही गावांत ही मोजणी कार्यक्रमानंतर ९ महिन्यांनी आणि पुन्हा ३१ महिन्यांनी झाली, आणि दोन्ही वेळा लाभ आणि हानी सोबतच टिकून असल्याचे दिसले.

गावाला जे मिळाले त्याची किंमत व्यक्तींनी मोजली, असाच या आकड्यांचा अर्थ होतो. आघाताच्या आठवणी पुन्हा जाग्या करून नंतर त्यांच्यासोबत माणसाला एकटे सोडले तर जखम उघडते, आणि ती भरून येण्यासाठी लागणारा दीर्घ आधार या कार्यक्रमांत नव्हता. समेटाचे सामाजिक लाभ राखून त्यांचा मानसिक भार कमी होईल अशी नवी रचना शोधली पाहिजे, असे संशोधकांनी म्हटले आहे. विस्कॉन्सिनच्या त्या १२ स्त्रियांपैकी प्रत्येकीला आठवड्यामागून आठवडे ऐकून घेणारे एक माणूस मिळाले होते, आणि आपला गुन्हेगार समोर बसवून क्षमेचा उच्चार करण्याची सक्ती त्यांच्यावर कोणी केली नव्हती. सिएरा लिओनच्या गावकऱ्यांना गावासमोर, शेजाऱ्यांच्या नजरेत, अपेक्षेच्या ओझ्याखाली ते करावे लागले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच शेजाऱ्याच्या शेताजवळून कामाला जावे लागले.