टोक जड केलं की बाण ताठ होतो? नाही हो, उलट होतं

आमच्या रत्नागिरीकडे पारंपरिक धनुष्य हातात घेतलेला प्रत्येक नवा माणूस हेच ऐकून येतो की बाण डगमगतोय ना, मग टोक जड लाव, ताठ होईल आणि सरळ जाईल. कृपया हे पुढे सांगू नका.

दोरी सुटली की मागून एकदम धक्का बसतो पण पुढचं टोक जागचं हलायला वेळ घेतं, मग मधली काडी वाकते, आणि टोक जितकं जड तितकी ती जास्त वाकते. म्हणजे बाण वागायला मऊ होतो, ताठ नाही.

परवा खळ्यात पेंढ्याच्या भाऱ्यावर हेच करून बघितलं, पिसं काढलेला बाण, वारा पडलेला असताना. १२५ ग्रेनचं टोक, म्हणजे साधारण ८ ग्रॅम, बाण सरळ घुसला. त्याच काडीला २०० ग्रेन म्हणजे जवळजवळ १३ ग्रॅम लावलं तर उजवीकडे लागला आणि शेपूट डावीकडे झुकलेलं. उजव्या हाताने सोडणाऱ्याला ही मऊ बाणाची खूण, डावीकडे लागला तर ताठ, डावखुऱ्यांनी उलट वाचायचं.

जड टोकाचा फायदा आहेच, तोल पुढे जातो, पिसांना बाण लवकर सावरता येतो, पण काडी तेवढी ताठ हवी (किंवा थोडी आखूड करा) आणि वेग कमी होऊन लांबवर बाण खाली पडतो हेही धरा.

परदेशात शिकारीसाठी हे वजन बघतात, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद, त्यामुळे पेंढाच बरा.