ब्रीदर पाइपमधून ऑइल येतंय? इंजिन खोलण्याआधी हे तपासा

मोटरसायकलच्या एअर फिल्टरच्या डब्यात ऑइल साचते, फिल्टर चिकट होतो, पाइपच्या तोंडाला सतत थेंब लोंबतो, मागच्या बाजूला काळे ओघळ दिसतात. हे दिसले की ‘रिंगा (पिस्टनभोवतीच्या, वायू अडवणाऱ्या कड्या) गेल्या’ म्हणत इंजिन उतरवायची घाई होते. रिंगा गेलेल्या असूही शकतात. पण तो संशय सगळ्यात शेवटी घ्यावा, कारण तो सगळ्यात महाग आहे.

पिस्टन खाली येताना त्याच्याखालची हवा ढकलली जाते. ३५० सीसीच्या सिंगल सिलिंडर इंजिनात प्रत्येक फेरीला सुमारे ३५० मिली हवा ढकलली जाते आणि पिस्टन वर गेला की परत ओढली जाते. ५,००० आरपीएमला हे मिनिटाला ५,००० वेळा. शिवाय चांगल्या रिंगांमधूनही जळालेला थोडा वायू क्रँककेसमध्ये (पिस्टनखालच्या, इंजिनाच्या पोटात) निसटतोच. त्याला बाहेर पडायची वाट म्हणजे ब्रीदर. वायूबरोबर ऑइलचे बारीक थेंबही उडतात, ते अडवायला त्या वाटेत कप्पे, जाळी किंवा एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह असतो. म्हणून प्रश्न तीनच: ऑइल जास्त आहे का, वाट बिघडली आहे का, की वायू जास्त येतो आहे?

आधी लेव्हल

नुकतेच ऑइल बदलल्यावर तक्रार सुरू झाली असेल, तर बहुधा ऑइल जास्त भरले गेले आहे. मॅन्युअलमध्ये ऑइलचे दोन-तीन आकडे असतात: नुसते ऑइल बदलताना, फिल्टरसह बदलताना आणि इंजिन पूर्ण खोलून जोडल्यावर. शेवटचा आकडा सगळ्यात मोठा असतो आणि चुकून तेवढेच ओतले जाते. जुने ऑइल कितीही निथळू दिले, तरी थोडे आत राहतेच.

लेव्हल सपाट जागी, गाडी सरळ उभी करून बघा. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते, त्यामुळे उजवीकडच्या लेव्हलच्या काचेत ऑइल कमी दिसते आणि उगाच भर घातली जाते. डिपस्टिक (लेव्हलची काडी) काही गाड्यांत आटे फिरवून बसवून वाचायची असते, काहींत नुसती टेकवून. बसवायची ती टेकवून वाचली, तर लेव्हल खोटी कमी दिसते. साधारणपणे इंजिन दोन-तीन मिनिटे चालवावे, बंद करावे आणि तेवढाच वेळ थांबून बघावे.

ऑइलची टाकी वेगळी असलेल्या गाड्यांची गोष्ट निराळी. गाडी बरेच दिवस उभी राहिली की टाकीतले ऑइल झिरपून इंजिनाच्या तळाशी उतरते. टाकी रिकामी वाटते म्हणून मालक ऑइल ओततो आणि सुरू केल्याबरोबर जादाचे ब्रीदरमधून बाहेर येते. अशा गाडीची लेव्हल चालवून झाल्यावर लगेच बघायची. काही इंजिने वरच्या खुणेपर्यंत भरलेले ऑइल फेकतात आणि मधल्या लेव्हलला आली की शांत होतात. तिथे पुन्हा पुन्हा वरच्या खुणेपर्यंत भरू नका.

ऑइल न घालताच लेव्हल वाढली असेल, तर काडीचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर कार्ब्युरेटरची फ्लोट नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) गळत असेल. ते पातळ झालेले ऑइल बदलेपर्यंत गाडी चालवू नका.

बाटलीची चाचणी

ब्रीदर पाइप एअर बॉक्सपासून सोडवून पारदर्शक नळीने ५०० मिलीच्या बाटलीत घ्या. बाटलीच्या झाकणाला दुसरे भोक हवेच. हवाबंद बाटली म्हणजे ब्रीदर बंद करणे. बाटली पक्की बांधा, नळी मागच्या टायरपासून आणि सायलेन्सरपासून लांब ठेवा. एअर बॉक्सचे उघडे तोंड बंद करा, नाहीतर धूळ आत जाईल. मग १०० किमी चालवा.

एक-दोन चमचे ऑइल जमले तर आम्ही काळजी करत नाही. ५० मिली किंवा जास्त असेल तर पुढची तपासणी हवी. पिवळट, दुधाळ फेस हे बहुतेकदा साचलेले पाणी असते. रोज चार-पाच किमीच फिरणाऱ्या गाडीत ऑइल तापतच नाही, म्हणून असे होते. अर्धा तास सलग चालवून बघा.

आता वाट बघा. नळी दुमडली आहे का, आतून फुगून बंद झाली आहे का, कुठे खाली झोळ पडून ऑइल साचते का? बारीक नळी लावू नका: तिच्यातून वायू वेगाने जातो आणि थेंब सोबत नेतो. जाड आणि आधी वर चढणाऱ्या नळीत थेंब खाली परततात. एकदिशा व्हॉल्व्ह काढून तोंडाने फुंकून बघा. हवा एकीकडूनच जायला हवी. उलटा बसवलेला व्हॉल्व्ह आत दाब साठवतो, मग सीलमधून आणि गॅस्केटमधूनही ऑइल पाझरू लागते. ब्रीदरला बूच मारल्यावरही नेमके हेच होते.

वायू जास्त असेल तर

इंजिन गरम करून बंद करा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा. मग प्लगच्या भोकातून ५ मिली ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा ठळक वाढला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत), जवळपास तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. ऑटो डीकॉम्प्रेशन (सुरू करताना दाब आपोआप कमी करणारी सोय) असलेल्या इंजिनात आकडा मुळातच कमी येतो, त्याला घाबरू नका.

त्याहून खात्रीची चाचणी म्हणजे पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला ठेवून सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडणे. हवेने क्रँक फिरू शकते, म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवून मागचा ब्रेक धरावा लागतो. ऑइल भरायच्या तोंडातून सूं आवाज आला तर रिंगा, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरकडून आला तर इनलेट. गळती १० टक्क्यांच्या आत असली तर उत्तम. २० च्या वर गेली की खोलायचा विचार करा.

दोन्ही चाचण्या चांगल्या आणि ब्रीदर मात्र जोरात फुंकतो, असे असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची गाइड (व्हॉल्व्हची दांडी जिच्यातून सरकते ती नळी) तपासायला सांगा. गाइड झिजली की जळालेला वायू तिच्या बाजूने हेडमध्ये आणि तिथून क्रँककेसमध्ये उतरतो. चाचणीत तो व्हॉल्व्ह बंद असतो, त्यामुळे दोष सापडत नाही.

इंजिनचे काम नुकतेच झाले असेल, तर रिंगा बसेपर्यंत काही शे किमी ब्रीदर थोडा जास्त फुंकतो. पण ते कमी होत गेले पाहिजे. होत नसेल तर रिंग उलटी बसणे (खुणेची बाजू वर हवी), ऑइल रिंगच्या एक्सपांडरची (तिला बाहेर ढकलणाऱ्या स्प्रिंगची) टोके एकमेकांवर चढणे किंवा बोअर गुळगुळीत होणे, यांपैकी काहीतरी असते.

अचानक भरपूर ऑइल येऊ लागले आणि सायलेन्सरमधून निळा धूरही दिसला, तर पिस्टन किंवा रिंग तुटलेली असू शकते. इंजिन लगेच बंद करा. मागच्या टायरवर ऑइल उडाले असेल तर गाडी ढकलतच न्या.

आमच्याकडे आणताना बाटली जशीच्या तशी आणा, वरून ऑइल घालू नका आणि एवढे सांगा: शेवटचे ऑइल कोणते, किती आणि किती किमीपूर्वी घातले, ऑइल सुरू करताना येते, रहदारीत येते की वेगात सलग चालवल्यावर.