आठ मिलिमीटरचं काँक्रीट

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादकडच्या त्या गावांमधली बरीच घरं दगडमातीची होती आणि वर माळवद. माळवद म्हणजे लाकडी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर फूट-दीड फूट मातीचा थर, आणि गळायला लागलं की वरून अजून माती. उन्हाळ्यात घर गार राहायचं हे खरंच. पण फूटभर मातीचं वजन चौरस मीटरला सहज पाचशे किलो भरतं, म्हणजे साध्या दहा बाय दहाच्या खोलीवर साडेचार टनांच्या वर वजन. जमीन हलली की घराला बसणारा झटका वजनाच्या पटीत असतो, वर जितकं वजन जास्त तितका भिंतींवर आडवा जोर जास्त, आणि मातीत रचलेली दगडी भिंत आडवा जोर जवळपास सोसतच नाही. १७ जानेवारी १९९५ ला जपानमधल्या कोबेतही हेच दिसलं, जुनी लाकडी घरं आणि वर चिखलात बसवलेली जड कौलं, त्यातली कितीतरी घरं खाली बसली.

मग छप्पर हलकं करा ना, सोपं आहे! पत्रा टाका, चौरस मीटरला पाच किलोच्या आसपास, विषय संपला. पण पत्र्याखाली मे महिना काढलेल्या माणसाला हे सांगून बघा. शिवाय पावसात घरात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही ते वेगळंच. म्हणून कौल अजून टिकून आहे, आणि म्हणूनच हलक्या कौलाच्या मागे जगभर लोक लागलेत.

आपल्याकडे कौल म्हटलं की मंगलोरी. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला तिथून ही कौलं सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली, कोकण-गोव्यात तर ती इथलीच वाटतात. एक कौल दोन ते अडीच किलोचं, चौरस मीटरला पंधराएक लागतात, म्हणजे ३५ किलोच्या आसपास, आणि भाजलेली माती पावसात पाणी पिते त्यामुळे जुलैत ते अजून वाढतं. काँक्रीटचं कौल हे त्याहून जुनं प्रकरण आहे बरं का, बव्हेरियातल्या श्टाउडाख गावात आडोल्फ क्रोहर नावाच्या माणसाने १८४४ च्या सुमारास सिमेंटची कौलं बनवायला सुरुवात केली होती. पण युरोप-अमेरिकेत जे नेहमीचं काँक्रीटचं कौल वापरतात ते एकेक चार-साडेचार किलोचं असतं, चौरस मीटरला दहा, म्हणजे ४०-५० किलो. मातीच्या कौलापेक्षा जडच की! तर मग हलकं काँक्रीटचं कौल म्हणजे नक्की काय करतात?

दोनच रस्ते आहेत. एकतर माल हलका करा, नाहीतर कौल पातळ करा. जाहिरातीत काहीही लिहिलेलं असू दे, आत या दोनपैकीच एक असतं, किंवा दोन्ही थोडं थोडं.

पहिला रस्ता आधी बघू. वाळूच्या दाण्याची घनता साधारण २.६५, सिमेंटची ३.१५, या दोन्हीपासून हलकं काही बनवायचं तर त्यात हवा भरण्याशिवाय उपाय नाही. हवा भरायची सगळ्यात ओळखीची पद्धत म्हणजे एएसी ब्लॉक, जे आता मुंबई-पुण्यातल्या बहुतेक नव्या बिल्डिंगच्या भिंतीत दिसतात. राख, चुना, सिमेंट यांच्या पातळ लगद्यात चिमूटभर ॲल्युमिनियमची पावडर टाकतात, चुन्याशी तिची रिॲक्शन होऊन हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात, सगळा लगदा फुगतो आणि मग दाबाखालच्या वाफेत तो पक्का करतात. घनमीटरला ५५०-६५० किलो वजन, साध्या काँक्रीटच्या चौथ्या हिश्श्याएवढं. भारी ना? पण ताकद बघा, या ब्लॉकची दाब सोसायची ताकद चौरस मिलिमीटरला ४ न्यूटनच्या आसपास आणि साध्यातल्या साध्या एम-२० काँक्रीटची २०. वजन चौपट उतरलं तर ताकद पाचपट उतरली, आणि कौलावर तर दाब नाही, वाक येतो, जिथे काँक्रीट आधीच लंगडं असतं. भिंतीत आठ इंच जाडीचा ब्लॉक आहे आणि भार कॉलम उचलतो, तिथे हे चालून जातं. पण एवढ्या भोकांचं दीड सेंटीमीटर जाडीचं कौल केलं तर ट्रकमधून उतरवतानाच कोपरे जातील आणि उरलेलं पाणी पिऊन बसेल.

म्हणून कौलवाले हवा सिमेंटमध्ये भरत नाहीत, वाळूत भरतात. हे मला या सगळ्यातलं सगळ्यात हुशारीचं काम वाटतं. सिमेंटची पेस्ट घट्टच ठेवायची, पाणी अडवायचं काम तिचं, आणि तिच्यात बसणारे दाणे मात्र आतून पोकळ घ्यायचे. असे दाणे कुठून आणायचे? एक म्हणजे ज्वालामुखीतून आलेला प्युमिस दगड, रोममधल्या पँथिऑनच्या ४३ मीटर व्यासाच्या घुमटात वरच्या भागात रोमन लोकांनी तोच हलका दगड घातला होता, खाली मात्र जड. दुसरं म्हणजे स्वतः फुगवलेले दाणे. अमेरिकेत कॅन्सस सिटीत स्टीफन हेड नावाचा विटांचा कारखानदार होता, त्याच्या भट्टीत काही विटा नेहमी फुगून वाया जायच्या, त्याने डोकं लावलं की हे फुगणं मुद्दाम केलं तर? १९१८ मध्ये त्याने पेटंट घेतलं. विशिष्ट प्रकारची माती किंवा शेल दगड गोल फिरणाऱ्या भट्टीत ११००-१२०० अंशांपर्यंत तापवला की तो अर्धवट वितळतो, आत गॅस तयार होतो, पण बाहेरचं चिकट आवरण त्याला सोडत नाही, आणि दाणा ज्वारीच्या लाहीसारखा फुगतो. फरक इतकाच की लाही फाटून उघडी पडते, इथे आवरण बऱ्यापैकी बंद राहतं, आणि आपल्याला तेच हवं असतं. हा माल वापरून अमेरिकेने एक काँक्रीटचं जहाजसुद्धा बांधलं होतं, सेल्मा, १९१९ मध्ये पाण्यात उतरवलं, त्याचा सांगाडा टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनजवळ अजून पडलेला आहे.

अशा दाण्यांच्या हलक्या कौलाला खरं गिऱ्हाईक मिळालं कॅलिफोर्नियात. तिकडे घरांवर लाकडाच्या फळकुटांची छपरं असायची. ऑक्टोबर १९९१ मध्ये ओकलंडच्या टेकड्यांवर वणवा पेटला, २५ माणसं गेली, हजारो घरं जळाली आणि अशी छपरं किती पटकन पेट घेतात ते सगळ्यांना दिसलं. लोकांना न जळणारं कौल हवं होतं, पण खालचे वासे लाकडी छपराच्या हिशोबाने घातलेले, त्यांच्यावर चौरस मीटरला ५० किलोचं कौल कसं चढवणार? तिथे ३० किलोच्या आसपासचं कौल कामाला आलं.

मोठ्या कारखान्यात हे बनतं कसं ते थोडक्यात. वाळू किंवा हलके दाणे, सिमेंट, रंगासाठी लोखंडाचा ऑक्साईड, आणि पाणी अगदी बेताचं, मुठीत दाबलं तर गोळा व्हावा पण हाताला ओल लागू नये इतकंच. तेल लावलेले ॲल्युमिनियमचे साचे एकामागे एक पट्ट्यावरून येतात, वरून हा माल पडतो, एक रोलर तो दाबतो, त्यामागची पट्टी वरचा आकार देते, आणि न तुटणारी एक लांबच लांब काँक्रीटची रिबन बाहेर येते जिला सुरी बरोबर साच्यांच्या सांध्यावर कापत जाते. मिनिटाला शंभराच्या वर कौलं पडतात. मग गरम दमट खोलीत काही तास मुरवायचं, साच्यातून सोडवायचं आणि वरून ॲक्रिलिकचा हात मारायचा. तो हात निव्वळ दिसण्यासाठी नाही, ताज्या सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर वर येतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साईडशी मिळून पांढरे डाग पाडतो, ते थोडे रोखले जातात. हलके दाणे असले की या मशीनवर डोकेदुखी वाढते, प्युमिस रोलरखाली भरडतो, शिवाय मालातलं पाणी पिऊन टाकतो म्हणून त्याला आधी भिजवून ठेवावं लागतं, आणि थर्मोकोलचे मणी घातले तर रोलर पुढे गेल्यावर ते परत फुगून वर येतात.

आता दुसरा रस्ता, पातळ करायचा. आपल्या देशात कामाचा हाच आहे असं माझं मत, कारण याला भट्टी लागत नाही, मोठं मशीन लागत नाही. याला मायक्रो काँक्रीट कौल म्हणतात, एमसीआर. सुरुवात झाली १९७० च्या दशकात, इंग्लंडमध्ये जॉन पॅरी नावाच्या इंजिनियरने गरीब देशांसाठी स्वस्त छपराचा घाट घातला (याच माणसाने पुढे फ्लायव्हीलवर चालणारी छोटी रेल्वेगाडीही काढली, ती इंग्लंडमध्ये एका छोट्या लाइनवर धावते). तेव्हाची कल्पना अशी की सिमेंटमध्ये काथ्या, सिसल असले धागे घातले तर पातळ पत्रे बनवता येतील, ॲस्बेस्टॉसला पर्याय. मोठे पत्रे केले, ठिकठिकाणी बसवले, आणि थोड्याच वर्षांत ते तडकायला लागले. कारण सिमेंटच्या आतलं पाणी जबरदस्त अल्कलाइन असतं, पीएच साडेबाराच्या वर, त्यात झाडाच्या धाग्यातलं लिग्निन हळूहळू विरघळतं आणि धागा कुडकुडीत होतो. म्हणजे धागा ओल्या मालाला धरून ठेवायला उपयोगी, पण कौलाच्या आयुष्यभराचा आधार म्हणून काही उपयोगाचा नाही. मग धागा काढला, पत्र्याऐवजी छोटं कौल केलं, दाण्यांची चाळण नीट बसवली आणि गाडी रुळावर आली. भारतात हे तंत्र दिल्लीच्या डेव्हलपमेंट ऑल्टरनेटिव्हज या संस्थेच्या ‘तारा’ या शाखेने पसरवलं, झाशीजवळ ओरछाला त्यांचं केंद्र आहे.

करायची रीत अशी. सिमेंट, वाळू आणि बारीक ग्रिट, ग्रिटचा सगळ्यात मोठा दाणा कौलाच्या जाडीच्या दोन तृतीयांशाहून मोठा नको, नाहीतर आठ मिलिमीटरच्या कौलात एकच खडा आरपार बसतो आणि तिथून पाणी झिरपतं. टेबलाला व्हायब्रेटर लावलेला असतो, त्यावर प्लास्टिकचा कागद, त्यावर चौकट, चौकटीत मोजून एक फावडी माल. पाऊण-एक मिनिट टेबल हलवलं की माल पातळ झाल्यासारखा पसरतो, आतली हवा वर येते, दाणे एकमेकांत बसतात. एका टोकाला रीपेवर अडकवायचं नाक करतात, त्यात तारेची एक कडी रोवून ठेवतात. मग चौकट उचलायची आणि तो सपाट ओला थर कागदासकट अलगद ओढून लाटेच्या आकाराच्या साच्यावर घ्यायचा. सगळी कारागिरी या ओढण्यात आहे! माल जास्त ओला असेल तर लाटेच्या माथ्यावरून खाली घसरतो आणि माथा पातळ पडतो, कोरडा असेल तर माथ्यावर चिरा. ही लाट शोभेची नाही, सपाट आठ मिलिमीटरची फरशी दोन रीपांच्या मध्ये कधीच मोडली असती, वळणामुळे तिला उंची मिळते आणि वाक सोसला जातो. आणि जाडीत कंजूषी अजिबात चालत नाही, कारण वजन जाडीच्या प्रमाणात कमी होतं पण वाकायची ताकद जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात, आठऐवजी सहा मिलिमीटर केलं तर वजन पाव वाचलं आणि ताकद जवळजवळ निम्मी गेली.

साचे एकावर एक रचले की आतल्या आत ओल टिकते, चोवीस तास तसेच ठेवायचे. म्हणजे दिवसाला दोनशे कौलं हवी असतील तर दोनशे साचे पाहिजेत, खरा पैसा तिथेच अडकतो, टेबलात नाही. त्यानंतर आठवडाभर पाण्याच्या टाकीत. स्लॅबला पाणी मारायला एक दिवस विसरलं तर जाड काँक्रीट थोडं सांभाळून घेतं, पण हे इतकं पातळ की विदर्भातल्या उन्हात काही तासांत आतलं पाणी उडून जाईल आणि सिमेंटचं काम अर्ध्यावर थांबेल. तयार कौल सव्वादोन किलोच्या आसपास, चौरस मीटरला तेरा, म्हणजे ३० किलो. गंमत बघा, अमेरिकन हलकं कौल हवा भरून जिथे पोचलं तिथेच हे नेहमीच्या जड काँक्रीटचं कौल नुसतं पातळ होऊन पोचलं.

एक गैरसमज मात्र सोडा, हलकं काँक्रीट म्हणजे घर थंड. आठ इंची ब्लॉकच्या भिंतीला ते लागू आहे, सेंटीमीटरभर जाडीच्या कौलात कितीही हवा भरली तरी उष्णता अडवायला ती पुरत नाही. कौलारू घर गार वाटतं ते उंच छपरामुळे आणि कौलांच्या फटींतून खेळणाऱ्या वाऱ्यामुळे.

आणि हलकेपणाची दुसरी बाजू कोकणातल्या लोकांना सांगायलाच नको. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा ताशी ११० किलोमीटरच्या वर होता. वाऱ्याचा दाब काढायचं साधं सूत्र आहे, सेकंदाला मीटरमधल्या वेगाचा वर्ग गुणिले ०.६, उत्तर न्यूटनमध्ये. ११० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेतीस मीटर, दाब येतो ५६० न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला ५७ किलोची ओढ, आणि आपलं छप्पर ३० किलोचं! फटींमुळे आतबाहेरचा दाब थोडा बरोबरीला येतो म्हणून सगळीच कौलं उडत नाहीत, पण कडेच्या ओळींवर आणि आढ्याजवळ ओढ याहून जास्त असते. त्या नाकातली तारेची कडी याचसाठी आहे. गवंडी घाईत तार न बांधताच कौल नुसतं रीपेवर टेकवून जातो, तेव्हा शिडी लावून स्वतः बघावं, निदान कडेच्या दोन-तीन ओळी आणि आढ्यालगतची सगळी कौलं गंज न लागणाऱ्या तारेने बांधून घ्यावीत. घेताना एकेक कौल उचलून बोटाच्या पेराने वाजवायचं, खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर आत चीर आहे, बाजूला काढायचं. आणि वर चढणाऱ्याने पाय रीपेच्या रेषेवरच द्यायचा, मध्ये नाही. माकडांना हे सांगता येत नाही, म्हणून पाच-पंचवीस कौलं जास्तीची घेऊन पडवीत रचून ठेवायची.