फोलेटची तपासणी : दोन वाण एका पिशवीत नकोत

आमच्या तपासणी लॅबला एपीएमसीच्या दाणा बाजारातून नेहमी विचारणा होते, ‘हरभऱ्यात फोलेट किती, तेवढं फोनवर सांगा.’ फोलेट म्हणजे बी-९ हे जीवनसत्त्व. आकडा सांगतो, पण कुठला हरभरा? कॅनडातल्या एका अभ्यासात चारच वाणांत १०० ग्रॅमला ३५१ ते ५८९ मायक्रोग्रॅम एवढा फरक निघाला. वाटाण्यात तर जेमतेम २३ ते ३०. दाण्यात फोलेट किती साठेल हे बरंचसं वाणाच्या जनुकांवर ठरतं. जमीन, पाणी आणि हंगाम यांचाही हात असतो. म्हणून पिशवीवर वाण, गाव आणि हंगाम लिहा.

वेळ खाणारी चूक एकच. विजय, दिग्विजय, जाकी ९२१८ असा हरभऱ्याच्या तिन्ही वाणांचा माल एका पिशवीत येतो. ओलावा किंवा किडका दाणा बघायचा असेल तर एकवेळ चालेल. फोलेटची मात्र अशी सरासरी निघते, की ती तिघांपैकी एकाचीही नसते. पाकिटावर छापली की पुढचा माल जुळत नाही, मग नवा नमुना आणि नवे आठ दिवस. एकाच वाणाच्या दहा पोत्यांत परखी (नमुना काढायची टोकदार नळी) मारून माल एकत्र करणं वेगळं; ते कराच.

नमुना ५०० ग्रॅम, अख्खा, काळ्या किंवा फॉइलच्या पिशवीत. घरी दळू नका. उष्णता, हवा आणि उजेड तिन्ही फोलेटचे वैरी. डाळीवर दावा करायचा असेल तर डाळच पाठवा, कारण गिरणीत सालीबरोबर कोंबही जातो.

‘एचपीएलसीवर लवकर होईल ना?’ होईल; ते यंत्र घटक वेगळे करून एकेक मोजतं, पण त्यात फोलेटची काही रूपं निसटू शकतात. आम्ही तीन एन्झाइमनी फोलेट मोकळं करतो, मग त्यावर लॅक्टोबॅसिलस हे जिवाणू रात्रभर वाढवून गढूळपणा मोजतो; फोलेट जास्त तर जिवाणू जास्त, तेवढा गढूळपणा जास्त. जुनी पद्धत, पण सगळं फोलेट एकत्र मोजते.

आकडा कोरड्या वजनावर, म्हणजे ओलावा वजा करून देतो. कोरड्यावरचे ४०० म्हणजे १० टक्के ओलाव्याला ३६० आणि १४ टक्क्यांना ३४४. दुसरीकडच्या रिपोर्टशी ताडताना आधी हे बघा.

चार वाण एकदम दिलेत तर तपासणीच्या एकाच खेपेत बसतात, म्हणून चौथ्याला निम्मा दर. खेप सोमवारी आणि गुरुवारी; नमुना आदल्या कामाच्या दिवशी चारपर्यंत तुर्भ्याला पोचवा.