पार्श्वभूमी : बॉबी ऑर आणि आक्रमक बचावपटूचा उदय

आइस हॉकीत आज एखादा बचावपटू पक (खेळातील रबरी चकती) घेऊन स्वतःच्या जाळ्यामागून निघतो आणि थेट प्रतिस्पर्धी गोलरक्षकासमोर जाऊन धडकतो, तेव्हा त्यात कोणालाही वावगे वाटत नाही. साठ वर्षांपूर्वी मात्र बचावपटूने अंगावर येणाऱ्याला अडवावे, पक आघाडीच्या खेळाडूकडे सोपवावा आणि स्वतः मागेच थांबावे, अशी रीत होती. माँट्रिअलच्या डग हार्वींसारखे मागून खेळाची सूत्रे हलवणारे मोजके खेळाडू होते. पण बचावपटूच संघाचे मुख्य आक्रमण ठरू शकतो, हे बॉबी ऑर यांनी दाखवून दिले.

ऑर यांचा जन्म २० मार्च १९४८ रोजी कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात, जॉर्जियन उपसागराकाठच्या पॅरी साउंड येथे झाला. गोठलेल्या पाण्यावरच्या मोकळ्या खेळात ज्याच्याकडे पक आला त्याने तो जमेल तितका वेळ राखायचा असतो, आणि ती सवय त्यांच्या खेळात शेवटपर्यंत राहिली. १९६१ मध्ये मुलांच्या एका सामन्यात बोस्टन ब्रुइन्स या व्यावसायिक संघाच्या मंडळींनी त्यांना हेरले आणि चौदाव्या वर्षी ते ओशावा जनरल्स या कनिष्ठ संघात दाखल झाले. १९६६ मध्ये ते बोस्टनला आले, तेव्हा तो संघ सलग अनेक हंगाम बाद फेरीबाहेर राहिलेला होता. त्यांच्या पहिल्या हंगामातही तो तळालाच राहिला, मात्र सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार ऑर यांना मिळाला.

१९६९-७० च्या हंगामात त्यांनी १२० गुण मिळवले, म्हणजे गोल आणि गोलसाहाय्य यांची बेरीज, आणि नॅशनल हॉकी लीग या उत्तर अमेरिकेतील प्रमुख व्यावसायिक स्पर्धेत गुणांत अव्वल ठरलेले ते पहिले बचावपटू झाले. पुढच्या हंगामात त्यांचे १३९ गुण झाले. १९६७ मध्ये लीग सहावरून बारा संघांची झाल्याने दुबळे प्रतिस्पर्धी वाढले होते, हे लक्षात घ्यायलाच हवे. पण ते सर्वांच्याच वाट्याला आले होते आणि त्या काळात इतर कोणताही बचावपटू या आकड्यांच्या आसपासही पोहोचला नाही. सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस करंडक त्यांनी १९६८ ते १९७५ अशी सलग आठ वेळा जिंकली, हे त्यांचा बचावही कच्चा नव्हता याचे द्योतक मानावे लागेल. संघाचा एक खेळाडू शिक्षेमुळे बाहेर बसलेला असताना ते एकटेच पक घेऊन रिंकभर फिरत आणि प्रतिस्पर्ध्यांचा मोलाचा वेळ खर्ची घालत.

१० मे १९७० रोजी, बोस्टन गार्डनमध्ये सेंट लुइस ब्लूजविरुद्ध अंतिम मालिकेचा चौथा सामना जादा वेळेत गेला. चाळीसाव्या सेकंदाला डेरेक सँडरसनने दिलेला पक ऑर यांनी सेंट लुइसचा गोलरक्षक ग्लेन हॉलच्या जाळ्यात धाडला आणि त्याच क्षणी बचावपटू नोएल पिकार्डच्या काठीने त्यांचा पाय उचलला गेला. दोन्ही हात पसरलेले, शरीर बर्फाला समांतर आणि चेहऱ्यावर आनंद, असे रे ल्युसिए यांनी टिपलेले छायाचित्र या खेळाची ओळखच बनले. बोस्टनला १९४१ नंतर प्रथमच स्टॅनली चषक, म्हणजे लीगचे विजेतेपद, मिळाला. १९७२ मध्ये तो पुन्हा आला.

या वैभवाला सुरुवातीपासून डाव्या गुडघ्याच्या दुखापतीचे ग्रहण होते. शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या आणि त्या काळची पद्धत सांधा उघडण्याची असल्याने प्रत्येक वेळी गुडघा अधिकच झिजत गेला. १९७६ मध्ये ते शिकागोच्या संघात गेले. बोस्टनने त्यांना संघाच्या मालकीत सुमारे साडेअठरा टक्के वाटा देऊ केला होता, ही गोष्ट त्यांचे प्रतिनिधी अ‍ॅलन ईगलसन यांनी त्यांच्यापर्यंत पोहोचूच दिली नाही. ज्या माणसाने खेळाडूंची संघटना उभी केली आणि ज्याला ऑर घरचा मानत, त्यानेच हे करावे, ही या कारकिर्दीतील सर्वांत क्लेशदायक बाब आहे. खेळाडूंच्या संघटनेशी निगडित फसवणुकीच्या गुन्ह्यांत ईगलसन १९९८ मध्ये दोषी ठरले.

त्याच १९७६ च्या शरद ऋतूत, गुडघा जवळजवळ निकामी झालेला असताना, ऑर कॅनडा चषक या राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेत खेळले आणि स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरले. शिकागोसाठी मात्र त्यांना अवघे २६ सामने खेळता आले. नोव्हेंबर १९७८ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी त्यांनी निवृत्ती पत्करली, तेव्हा त्यांच्या खात्यात ६५७ सामने, २७० गोल आणि ९१५ गुण होते. हॉकी हॉल ऑफ फेममध्ये प्रवेशासाठी असलेली प्रतीक्षेची अट त्यांच्यासाठी शिथिल करण्यात आली आणि १९७९ मध्ये ते तेथे दाखल झाले. १९७४-७५ मधील त्यांचा एका हंगामातील ४६ गोलांचा विक्रम मोडायला १९८५-८६ उजाडावे लागले. तो मोडणारा पॉल कॉफी हाही मागून पक घेऊन धावणारा बचावपटूच होता.